सुट्टीतली मंडळी

ईस्टरची पहाटेची उपासना आटोपली की आपल्या बहुतेक मंडळ्यांत एक ढिलाई येते. ती समजण्यासारखी आहे. लेंटमधल्या सभा, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारची लांबलचक उपासना आणि मग ईस्टर, असा दीड महिना सगळे राबलेले असतात. त्यानंतर मे महिना लग्नसराईत जातो, गायनवृंदातले निम्मे लोक बाहेरगावी असतात आणि कमिटी म्हणते, आता काय ते जूनमध्ये पाहू.

मला हे पटत नाही. अहिल्यानगर, जालना, सोलापूर या भागांतल्या मंडळ्यांकडे पाहा. वर्षभरात मंडळी खऱ्या अर्थाने भरते ती दोनदाच, नाताळात आणि मे महिन्यात. नाताळात लोक दोन-चार दिवसांसाठी येतात आणि ते दिवस कार्यक्रमांतच संपतात. मे महिन्यात मात्र पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्यांची मुले आजोळी मुक्कामाला असतात, कॉलेजची पोरे वसतिगृहातून घरी आलेली असतात, आणि साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यामुळे ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही गावात परतलेली असतात. म्हणजे ज्या दिवसांत मंडळी सर्वांत पूर्ण असते, त्याच दिवसांत आपण चर्चचे दार फक्त रविवारी उघडतो. हे बदलायला फार पैसा लागत नाही. आधीपासून विचार मात्र लागतो.

त्यासाठी एक सोपी युक्ती सुचवतो. उन्हाळ्याला एक शेवटचे टोक द्या, आणि ते टोक पेन्टेकॉस्टचे असू द्या. ईस्टरपासून पन्नासावा दिवस म्हणजे पेन्टेकॉस्ट. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान केव्हाही येतो, त्यामुळे पेन्टेकॉस्ट 10 मे ते 13 जूनच्या आत पडतो, म्हणजे जवळजवळ नेहमीच शाळेच्या सुट्टीत. 2026 मध्ये तो 24 मेला आहे आणि 2027 मध्ये 16 मेला. त्याच्या दहा दिवस आधी, गुरुवारी, स्वर्गारोहणाचा दिवस असतो. आपल्याकडे नाताळ-ईस्टरच्या मानाने पेन्टेकॉस्ट फार गुपचूप जातो. पाळक उपदेशात त्याचा उल्लेख करतात आणि रविवार संपतो. खरे तर प्रेषितांच्या कृत्यांत त्या दिवशीच मंडळीचा जन्म झाला. देशोदेशीचे लोक त्या दिवशी यरुशलेमेत जमले होते आणि पुढे विश्वासणारे एकमेकांच्या घरी भाकर मोडू लागले. बाहेरगावचे सगळे घरी आलेले असताना मंडळीचा वाढदिवस साजरा करायचा नाही, तर कधी करायचा? मुलांचे शिबिर, महिलांचे काम, तरुणांचे श्रमदान, या सगळ्यांचे तोंड त्या रविवारच्या दिशेने असू द्या. मग कामांना आपोआप तारीख मिळते.

मुलांची शाळा

उन्हाळ्यातला मोठा कार्यक्रम अर्थातच व्ही.बी.एस., म्हणजे सुट्टीतली पवित्र शास्त्र शाळा. तिचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये झाला. 1898 मध्ये तिथल्या एका डॉक्टरांच्या पत्नीने, श्रीमती हॉज यांनी, सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी भाड्याच्या जागेत असा वर्ग चालवला. ज्यांना सुट्टीत कुठे जायला जागाच नाही, अशा मुलांसाठी ती सोय होती. आपल्याकडे आयोजन करताना हे ध्यानात ठेवावे, कारण हल्ली शिबिराचा खर्च टी-शर्ट, बॅनर आणि समारोपाच्या बक्षिसांवर होतो आणि ज्या मुलांना ते खरोखर हवे, ती फी न परवडल्यामुळे दाराबाहेर राहतात. फी ठेवूच नका. ज्याला जमेल त्याने अर्पण द्यावे, एखाद्याने एका दिवसाच्या खाऊचा खर्च उचलावा.

पाच-सहा दिवस पुरे. वेळ सकाळी साडेसातची ठेवा आणि दहापर्यंत मुले घरी जातील असे पाहा. दुपारच्या जेवणापर्यंत मुलांना थांबवण्याची पद्धत सोडून द्यावी. बऱ्याच गावांतली चर्चची शेड पत्र्याची असते आणि अकरानंतर तिच्याखाली बसवत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने 14 माणसे गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. श्रद्धेने जमलेल्या माणसालाही ऊन बाधते. पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात मारले तर आतली धग जाणवण्याइतकी कमी होते. हे काम शिबिराच्या आधीच्या शनिवारी तरुण संघाने करावे.

पाण्याचे दोन माठ ठेवा, पण मुले आपणहून पीत नाहीत, हेही लक्षात घ्या. प्रत्येक खेळाच्या आधी सर्वांनी पाणी प्यायचे, असा नियमच करा. पन्हे, ताक, कोकम सरबत यांपैकी रोज काहीतरी द्या. रंगीत बाटल्यांतल्या थंड पेयांपेक्षा ते स्वस्त आणि बरे. एखाद्याला घेरी आली, मळमळले, तर त्याला सावलीत आडवे करून कपडे सैल करा आणि जलसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. अंग तापले आहे, मूल असंबद्ध बोलते आहे किंवा झोपाळले आहे, असे दिसले तर तो उष्माघात समजा. ताबडतोब 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. शिबिर सुरू होण्याआधी प्रत्येक शिक्षकाला हे तोंडपाठ हवे.

शिक्षक कोण? कॉलेजची मुले-मुली. मंडळीतल्या तरुणांना आपण एरवी खुर्च्या मांडायला आणि माइक लावायला बोलावतो आणि मग तरुण चर्चला येत नाहीत म्हणून हळहळतो. त्यांच्या हाती दहा-दहा मुलांचा वर्ग द्या. मात्र एका तरुणाबरोबर एक जुनी शब्बाथशाळेची शिक्षिका जोडून द्या. तिच्याकडे मुलांना गप्प बसवण्याची हातोटी असते, आणि त्याच्याकडे पळण्याची ताकद. दोन आठवडे आधी या जोड्यांना एकत्र बसवून सगळे पाठ त्यांच्याकडूनच एकदा घेववून पाहा.

पाठांच्या तयार पुस्तकांविषयी मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. बाहेरून आलेल्या साहित्यात चित्रे सुंदर असतात, पण जंगलातले तंबू, बर्फ, समुद्रातली जहाजे हे विषय पाथर्डीच्या किंवा नेवाशाच्या मुलापासून फार लांबचे. पवित्र शास्त्रातल्या गोष्टी मेंढपाळ, विहीर, पेरणी, दुष्काळ यांनी भरलेल्या आहेत. आपल्या मुलांना त्या समजावून सांगायला चित्रांची गरजच कमी पडते. याकोबाच्या विहिरीचा पाठ गावातल्या विहिरीवर जाऊन घ्या. टँकरच्या रांगेत उभे राहिलेल्या मुलाला शोमरोनी स्त्रीची तहान वेगळी शिकवावी लागत नाही.

रोज एक गोष्ट आपल्या मातीतली सांगा. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणले आणि पुढे साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्राचे भाषांतर केले, तेही हिब्रू आणि ग्रीक शिकून. त्या भाषांतराची छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात तिथल्या मुलींच्या हातांनी झाली. दहा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट ऐकवून पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा 1895 चा बाप्तिस्मा आणि त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची झालेली घालमेल, ही मोठ्या मुलांसाठी. आणि तुमच्या स्वतःच्या मंडळीत पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, चर्चची इमारत कोणी बांधली, हे वयस्कर सभासदांना वर्गात बोलावून सांगायला लावा. अहिल्यानगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासूनचे आहे. तिथल्या मुलांना आपल्या मंडळीचे वय माहीत नसणे बरे नव्हे.

गाण्यांचेही तसेच. हातवारे करत म्हणायची इंग्रजी-हिंदी गाणी मुलांना आवडतात, ती असू द्यात. त्यांच्या जोडीला ‘उपासना संगीता’तले टिळकांचे एक पद पाच दिवसांत पाठ करून घ्या. चाल शिकवायला क्वायरमास्तर नकोत. मंडळीतली सर्वांत म्हातारी आजी बोलवा, कारण जुन्या चाली तिच्या गळ्यातच उरल्या आहेत. तरुणांपैकी कोणीतरी त्या वेळी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. अशी आजी गेली की चाल गेली. एक संध्याकाळ कीर्तनाला द्या. अहिल्यानगरच्या भागात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात उभी केलेली ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे. कीर्तनकार मिळत असेल तर उत्तमच, नसेल तर पेटी, तबला आणि झांजा घेऊन भजन करा. उन्हे उतरल्यावर, अंगणात पाणी मारून, सात वाजता. मुलांबरोबर आईबापही येतील, आणि दुपारच्या सभेला कधीच न फिरकणारे शेतकरीही येतील.

ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांची शाळा दर वर्षी बुडालेली असते. त्यांना वचन वाचता येत नाही म्हणून ती मागे बसतात आणि तिसऱ्या दिवसापासून येत नाहीत. मंडळीत निवृत्त शिक्षक असतातच. त्यांनी रोज अर्धा तास अशा मुलांना वाचन शिकवावे, आणि शिबिर संपल्यावरही शाळा उघडेपर्यंत ते चालू ठेवावे. अख्ख्या उन्हाळ्यात एकच गोष्ट जमणार असेल, तर ही करा.

शेजारच्या इतर धर्मांच्या कुटुंबांतली मुलेही मित्रांबरोबर येतात. त्यांना परत पाठवू नये, पण आईवडिलांची लेखी संमती घेतल्याशिवाय बसवूही नये. तिथे शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या जातात, प्रार्थना होते, हे पालकांना उघड सांगा आणि कधीही येऊन मागे बसून ऐकायला बोलवा. खाऊचे आमिष दाखवून मुले गोळा करणे सुवार्तेला शोभत नाही. त्याने शेजाऱ्याचा विश्वास जातो आणि तो परत मिळत नाही.

संमतिपत्र आपल्याही मुलांचे घ्या. त्यावर पालकांचा फोन, काही आजार किंवा न सोसणारे पदार्थ, आणि मूल कोणाबरोबर घरी जाणार, एवढे असले की झाले. इथे आणखी एक विषय काढणे भाग आहे, जरी कमिटीच्या सभेत तो टाळला जातो. मुलांच्या सुरक्षिततेचा नियम कागदावर लिहून दाराशी लावा. कोणताही एकटा प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत असणार नाही. लहान मुलींबरोबर स्वच्छतागृहाकडे बाईमाणूसच जाईल. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार नाहीत. काही अनुचित घडल्याचे कळले तर ‘आपल्या आपल्यात मिटवू’ म्हणणे हा 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. मदतीसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. पाळकांच्या, सेक्रेटरींच्या किंवा मोठ्या देणगीदाराच्या नात्यातल्या माणसालाही हाच नियम. मंडळीच्या नावापेक्षा मूल मोठे आहे.

अंगणातले वाळवण आणि घरातले म्हातारे

महिला मंडळाच्या उन्हाळी सभा बहुधा उपदेश, प्रार्थना आणि चहा यांवर संपतात. त्याऐवजी एप्रिलमध्ये चर्चच्या अंगणात वाळवण घाला. कुरडया, शेवया, उडदाचे पापड, सांडगे ही सगळी माणसांच्या हातांची कामे आहेत. एकट्या घरात आता कोणाला ती जमत नाहीत आणि त्यामुळे सुटत चालली आहेत. पहाटे पाचला चीक शिजवायचा आणि आठच्या आत कुरडया घालून मोकळे व्हायचे. हाताला काम असले की बायका बोलतात. कोणाच्या घरी काय चालले आहे, कोणाची सून माहेरी गेली आहे, कोणाला औषधाला पैसे नाहीत, हे सभेतल्या प्रार्थनेच्या विनंत्यांत येत नाही, ते पाटावर शेवया करताना कळते. पाळकांच्या पत्नीने तिथे बसावे. तयार वाळवणातला एक वाटा विधवा आणि एकट्या राहणाऱ्या सभासदांच्या घरी जावा, आणि बाकीचे शहरांतून आलेल्या कुटुंबांना विकावे. ते आनंदाने घेतील. त्या पैशांतून जूनमध्ये गरजू मुलांना वह्या-दप्तरे देता येतात.

उन्हाळ्यात वयस्कर माणसे उपासनेला यायची थांबतात आणि कोणाच्या ते लक्षात येत नाही, कारण बाक पाहुण्यांनी भरलेले असतात. सेक्रेटरींनी सभासदांच्या नोंदवहीतून 75 वर्षांपुढच्यांची नावे काढावीत आणि दोन-दोन तरुणांना एकेक घर वाटून द्यावे. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी. पंखा चालतो का, पाणी भरलेले आहे का, औषध संपले का, हे आधी पाहावे, मग एक गीत आणि लहानशी प्रार्थना. ज्यांना महिनोन्‌महिने प्रभुभोजन मिळालेले नाही, त्यांची नावे पाळकांना द्यावीत, म्हणजे ते घरी जाऊन देतील. रविवारची उपासना मे महिन्यापुरती सकाळी साडेसातला घेतली तर यातले कित्येक जण स्वतःच चर्चला येऊ शकतील. वेळ बदलायला काही लोक विरोध करतात. त्यांना सांगावे, की पुन्हा पावसाळ्यात जुनीच वेळ आहे.

निकाल आणि लग्ने

बारावीचे आणि दहावीचे निकाल हल्ली मे महिन्यातच लागतात. चर्चमध्ये गुणवंतांचा सत्कार होतो आणि तो व्हावा. पण नापास झालेला मुलगा त्या रविवारी घरातून बाहेरच पडत नाही. निकालाच्याच संध्याकाळी पाळकांनी किंवा मंडळीच्या एखाद्या वडिलांनी त्याच्या घरी जावे, उपदेश न करता. पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते, तिचा अर्ज भरून द्यायला आणि विषय शिकवायला कोणीतरी नेमून द्यावे. पुण्या-मुंबईहून आलेल्या नोकरदार सभासदांना एका शनिवारी मुलांसमोर बसवा. आयटीआय, नर्सिंग, डिप्लोमा, बँकेच्या परीक्षा यांबद्दल त्यांनी आपापल्या अनुभवातून बोलावे. व्याख्यान नको, प्रश्नोत्तरे हवीत.

लग्नांच्या बाबतीत थोडक्यात. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडता, विवाहविधी सकाळी 6 ते सायंकाळी 7 या वेळेत व्हावा लागतो. त्या चौकटीत सकाळचे आठ किंवा संध्याकाळचे पाच ही वेळ मिळते. दुपारी बाराचा मुहूर्त पाळण्याचे कोणतेही कारण आपल्याला नाही. वऱ्हाड तासभर उशिरा येणार हे गृहीत धरूनच पाळकांनी वेळ लिहून द्यावी आणि त्यानंतर थांबू नये.

पावसाच्या आधी

जूनमध्ये पाऊस येतो आणि मग दर वर्षी वेदीच्या बाजूला गळते. जुनी इमारत कौलारू असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात कौले चाळून घ्या, पन्हाळ्या साफ करा. हे श्रमदान सकाळी सहा ते नऊ. छपरावर मात्र जाणकार गवंडी चढवा, उत्साही तरुण नव्हे. कबरस्तानातले वाळलेले गवत आणि काटेरी झुडपे पावसाआधी काढणे सोपे जाते. बाहेरगावची कुटुंबे आलेली असतात, त्यांना आपापल्या कबरींची डागडुजी याच दिवसांत करू द्या.

आणि बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या कपाटातून बाहेर काढा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जन्मतारखा आणि नाती कित्येक घरांसाठी फक्त त्याच पानांवर उरली आहेत. सरकारी कामासाठी दाखला लागला की लोक मंडळीकडेच येतात. वह्या सावलीत हवेशीर ठेवून वाळवा, वाळवी तपासा, आणि कॉलेजच्या दोन मुलांना बसवून प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून घ्या. एक प्रत पाळकांकडे आणि एक सेक्रेटरींकडे. त्यांत लोकांची खासगी माहिती असते, म्हणून ते फोटो कोणत्याही ग्रुपवर जाता कामा नयेत.

मग पेन्टेकॉस्टचा रविवार येतो. त्या दिवशी मुलांनी शिकलेले पद म्हणावे, शास्त्रपाठ मंडळीत बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांत वाचला जावा. मराठी तर आहेच, पण तमिळ परिचारिका, तेलुगू कुटुंब, हिंदी बोलणारा फौजी यांपैकी कोणी ना कोणी बहुतेक मंडळ्यांत असतेच. उन्हाळ्याचा जमाखर्च, मिळालेला प्रत्येक रुपया आणि झालेला प्रत्येक खर्च, त्याच दिवशी वाचून दाखवा. मंडळ्यांतले निम्मे कज्जे हिशेब उशिरा मांडल्याने होतात. नंतर प्रीतिभोजन. केटरर नको. आमटी-भाकरी, ठेचा, कांदा आणि अंगणात घातलेल्या कुरडया तळून. घराघरांतून पिठाची वर्गणी घ्या आणि पंगतीत पाहुणे व गावकरी सरमिसळ बसवा.

हे सगळे एका वर्षात होणार नाही आणि होऊ नयेही. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांच्या घरच्या भेटी आणि पेन्टेकॉस्टची पंगत, पहिल्या वर्षी एवढेच घ्या. लेंट सुरू होण्याआधी कमिटीची एक सभा बोलवा, पेन्टेकॉस्टची तारीख चर्चच्या फळ्यावर लिहा आणि तिच्याखाली प्रत्येक कामासमोर एका माणसाचे नाव लिहून घ्या. पहिले नाव तुमचे असू द्या.